जागावाटपाच्या उंबरठ्यावर मगो पक्ष : गोव्यातील सर्वात जुन्या प्रादेशिक पक्षापुढील पेच

गोव्याच्या आठव्या विधानसभेची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते. चाळीस जागांच्या या विधानसभेत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला, म्हणजेच मगो पक्षाला, २०२२ च्या निवडणुकीत केवळ दोन जागा मिळाल्या. तरीही निवडणुकीचे वेध लागताच हा पक्ष कोणाबरोबर जाणार, हा प्रश्न राज्याच्या राजकीय वर्तुळात चर्चिला जातो. सत्तारूढ भारतीय जनता पक्षाबरोबर आधीच युती करून मोजक्या जागा लढवायच्या, की स्वबळावर अथवा अन्य मित्रांसमवेत अधिक जागा लढवून निकालानंतर निर्णय घ्यायचा, असे दोन मार्ग पक्षापुढे आहेत. गेल्या चार निवडणुकांत पक्षाने हे दोन्ही मार्ग चोखाळले आहेत. कोणत्या मार्गाने काय हाती लागले, याचा हिशेब त्यामुळे उपलब्ध आहे.

दोन आमदारांच्या पक्षाची दखल राज्याबाहेर का घ्यावी, असे कोणी विचारू शकेल. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाला आणि डिसेंबर १९६३ मध्ये गोवा, दमण व दीव या संघराज्य प्रदेशात विधानसभेची पहिली निवडणूक झाली. देशभर काँग्रेसचा प्रभाव असण्याचा तो काळ होता. गोव्यात मात्र काँग्रेसला मतदारांनी थारा दिला नाही. दयानंद बांदोडकर यांच्या नेतृत्वाखाली नव्याने स्थापन झालेला मगो पक्ष मित्रपक्षाच्या साथीने सत्तेवर आला. तमिळनाडूत, म्हणजे तत्कालीन मद्रास राज्यात, द्रविड मुन्नेत्र कळघम सत्तेवर येण्याच्या सव्वातीन वर्षे आधीची ही घटना आहे. प्रादेशिक पक्षांच्या राजकारणाची चर्चा करताना देशाच्या पातळीवर तिचा उल्लेख क्वचितच होतो.

पक्षाच्या नावातच त्याचे मूळ उद्दिष्ट होते. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण व्हावे, अशी पक्षाची मागणी होती. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचा त्यास विरोध होता. या प्रश्नावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेण्यात आला. फूल हे चिन्ह विलीनीकरणासाठी आणि दोन पाने हे चिन्ह संघराज्य प्रदेश म्हणून वेगळे राहण्यासाठी होते. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. म्हणजे ३४,०२१ मतांनी विलीनीकरणाचा प्रस्ताव फेटाळला गेला. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत झालेल्या विधानसभा निवडणुकीत मात्र मतदारांनी पुन्हा मगो पक्षालाच बहुमत दिले. मूळ मागणी फेटाळली जाते आणि ती मागणी करणारा पक्ष निवडून येतो, हे वरकरणी विसंगत वाटते. त्याचे कारण असे, की गोव्यातील बहुजन समाजाने या पक्षाकडे केवळ विलीनीकरणाचे साधन म्हणून पाहिले नव्हते. गावोगावी उघडलेल्या मराठी प्राथमिक शाळा, कुळांना संरक्षण देणारा १९६४ चा कायदा, आणि त्यानंतर शशिकला काकोडकर यांच्या कारकिर्दीत कुळांच्या व मुंडकारांच्या हक्कांसाठी झालेले कायदे, हे या पक्षाचे खरे भांडवल होते. भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणाऱ्या मुंडकाराला विलीनीकरणापेक्षा आपल्या घराखालच्या जमिनीची चिंता अधिक होती.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी बांदोडकर यांचे निधन झाले आणि त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. १९७७ मध्ये तीसपैकी पंधरा जागा मिळवून पक्षाने सत्ता राखली. परंतु एप्रिल १९७९ मध्ये पक्षातीलच आमदारांनी साथ सोडल्याने सरकार कोसळले. १९८० च्या निवडणुकीत पक्षाला सात जागा मिळाल्या, आणि त्यातील बहुतेक आमदार काकोडकर यांच्यासह काँग्रेसमध्ये गेले. मागे दोन आमदार उरले. मगो पक्ष आणि 'दोन' या आकड्याचा संबंध तेव्हापासूनचा आहे.

त्यानंतर पक्ष पुन्हा उभा राहिला, हेही नोंदवले पाहिजे. ३० मे १९८७ रोजी गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला आणि विधानसभेच्या जागा चाळीस झाल्या. १९८९ च्या निवडणुकीत काँग्रेसला वीस आणि मगो पक्षाला अठरा जागा मिळाल्या. सत्ता जेमतेम दोन पावलांवर होती. पुढच्या काही महिन्यांतील पक्षांतरांच्या मालिकेत पक्ष सत्तेत सहभागी झालाही, पण जानेवारी १९९१ मध्ये रवी नाईक यांनी पक्षातून फुटून काँग्रेसच्या पाठिंब्याने मुख्यमंत्रिपद मिळवले. प्रतापसिंह राणे यांनीही १९७२ मध्ये विधानसभेत प्रथम प्रवेश केला तो मगो पक्षातूनच. पुढे ते काँग्रेसचे दीर्घकाळ मुख्यमंत्री राहिले. गोव्यातील काँग्रेस आणि नंतर भाजपा या दोन्ही पक्षांच्या नेत्यांची यादी पाहिली, तर त्यातील कित्येकांचे राजकीय शिक्षण मगो पक्षाच्या शाळेत झाल्याचे आढळते. शाळेला मात्र त्याचा लाभ झाला नाही.

आजच्या पेचाचे मूळ १९९४ च्या निवडणुकीत आहे. त्या वर्षी मगो पक्षाने भारतीय जनता पक्षाशी युती केली. तोपर्यंत गोवा विधानसभेत भाजपाचा एकही सदस्य नव्हता. युतीत मगो हा मोठा आणि भाजपा हा लहान भाऊ होता. निकालात मगो पक्षाला बारा आणि भाजपाला चार जागा मिळाल्या. भाजपाच्या त्या चौघांत पणजीहून निवडून आलेले मनोहर पर्रीकर होते, मडगावचे दिगंबर कामत होते आणि मडकईहून निवडून आलेले श्रीपाद नाईक होते. मडकई हा मतदारसंघ आज मगो पक्षाचा सर्वात सुरक्षित गड मानला जातो. १९९४ मध्ये याच गडावर कमळ फुलले होते, याचे विस्मरण दोन्ही पक्षांच्या कार्यकर्त्यांना झालेले नाही.

पाच वर्षांनी, १९९९ मध्ये, चित्र पालटले. भाजपाला दहा आणि मगो पक्षाला चार जागा मिळाल्या. २००२ मध्ये भाजपा सतरावर आणि मगो दोनवर आला. ज्या बहुजन समाजाने मगो पक्षाला तीन दशके साथ दिली होती, त्यातील मोठा हिस्सा युतीच्या निमित्ताने प्रथमच कमळाला मत देण्यास प्रवृत्त झाला आणि पुढे तो तिकडेच राहिला. अर्थात, सगळा दोष युतीला देणे योग्य होणार नाही. मगो पक्षातील सततची फाटाफूट, नव्या नेतृत्वाचा अभाव, आणि भाजपाचे पद्धतशीर संघटन हीदेखील त्याची कारणे आहेत. परंतु युतीने वाट सुकर केली, हे आकडेवारीवरून नाकारता येत नाही.

या घसरणीच्या काळात पक्षाला एक नवी जागा सापडली. सुदिन ढवळीकर १९९९ पासून मडकईहून सातत्याने निवडून येत आहेत. २००२ मध्ये पक्षाच्या दोन आमदारांनी पर्रीकर सरकारला साथ दिली. २००७ मध्ये काँग्रेसच्या नेतृत्वाखालील दिगंबर कामत सरकारात पक्ष सहभागी झाला. २०१२ मध्ये तो निवडणुकीपूर्वीच भाजपाबरोबर गेला. त्यानंतर २०१७ आणि २०२२ मध्ये निवडणुकीत भाजपाच्या विरोधात लढून निकालानंतर त्याच पक्षाच्या सरकारात सामील झाला. म्हणजे २००२ नंतरच्या प्रत्येक निवडणुकीनंतर बनलेल्या सरकारात मगो पक्ष कधी ना कधी होता. सरकारे काँग्रेसची होती, भाजपाची होती. मंत्रिमंडळात सिंहाची खुर्ची बहुधा राखीव राहिली.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. चाळीस जागांच्या विधानसभेत बहुमताचा आकडा एकवीस आहे आणि गोव्यात तो एका पक्षाला सहजी मिळत नाही. अशा ठिकाणी दोन-तीन आमदारांचा शिस्तबद्ध गट हा मंत्रिपद मिळवण्यास पुरेसा असतो. दहा-बारा आमदार निवडून आणण्यासाठी लागणारे कष्ट, पैसा आणि पक्षांतराचा धोका पत्करण्याची अशा गटाला निकड राहत नाही. दोन-तीन जागांवर स्थिरावणे हे नेतृत्वाला सोयीचे ठरते. पेडण्यापासून काणकोणापर्यंत पसरलेल्या, सिंहाच्या निशाणीशी तीन पिढ्यांचे नाते असलेल्या कार्यकर्त्याला मात्र ते सोयीचे नसते. त्याच्या मतदारसंघात पक्षाचा उमेदवारच नसतो. पक्षाच्या आजच्या स्थितीकडे पाहताना नेतृत्वाचे हित आणि संघटनेचे हित यांतील हे अंतर ध्यानात घेतले पाहिजे.

आता हिशेबाकडे वळू. २०१२ मध्ये भाजपाबरोबरच्या युतीत मगो पक्षाने मोजक्या जागा लढवल्या. सुदिन ढवळीकर मडकईतून, त्यांचे बंधू दीपक ढवळीकर प्रियोळमधून आणि लवू मामलेदार फोंड्यातून विजयी झाले. जागा तीन, मते ६.७ टक्क्यांच्या आसपास. भाजपाला त्या वेळी स्वतःच्या बळावर एकवीस जागा मिळाल्या. मगोच्या पाठिंब्याची संख्येच्या दृष्टीने गरज नसतानाही ढवळीकर बंधूंना मंत्रिपदे देण्यात आली. पण जी पदे गरजेपोटी दिलेली नसतात, ती काढून घेणेही सोपे असते. डिसेंबर २०१६ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर यांनी दोघांनाही मंत्रिमंडळातून वगळले. निवडणूक दोन महिन्यांवर होती.

फेब्रुवारी २०१७ च्या निवडणुकीत मगो पक्षाने सुभाष वेलिंगकर यांचा गोवा सुरक्षा मंच आणि शिवसेना यांच्याशी आघाडी करून भाजपाच्या विरोधात बऱ्याच अधिक जागा लढवल्या. इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान देण्याच्या धोरणास असलेला विरोध हा या आघाडीचा समान धागा होता. मगो पक्षाला ११.३ टक्क्यांच्या आसपास मते मिळाली, पण जागा पुन्हा तीनच. भाजपा मात्र एकवीसवरून तेरावर घसरला आणि काँग्रेस सतरा जागांसह सर्वात मोठा पक्ष ठरला. त्यानंतर काही दिवसांतच मनोहर पर्रीकर यांना मुख्यमंत्री म्हणून मगो पक्षाने पाठिंबा दिला आणि सरकार स्थापन झाले. ज्यांनी सिंहाला मत दिले, त्यांतील अनेकांनी ते भाजपाच्या विरोधात दिले होते. त्यांच्या मताचा अर्थ निकालानंतर बदलला, ही तक्रार २०१७ मध्ये झाली आणि २०२२ मध्येही झाली.

तीन जागा युतीतही आल्या आणि विरोधातही आल्या. फरक पडला तो मतांच्या टक्केवारीत. अधिक जागा लढवल्या तेव्हा सिंहाचे बटण अधिक मतदारसंघांत यंत्रावर दिसले, कार्यकर्त्यांना काम मिळाले, मते दीडपटीहून अधिक झाली. युतीत जागांची शाश्वती तुलनेने अधिक, पण पक्षाचा विस्तार आक्रसतो. स्वतंत्र लढतीत संघटना जिवंत राहते, पण मते जागांत रूपांतरित होत नाहीत. केवळ जागा मोजणाऱ्यांना या दोन मार्गांतील भेद कळत नाही.

२०१९ च्या मार्च महिन्याने या पक्षाला आणखी एक धडा दिला. १७ मार्च रोजी पर्रीकर यांचे निधन झाले. प्रमोद सावंत मुख्यमंत्री झाले आणि पाठिंब्याच्या मोबदल्यात सुदिन ढवळीकर यांना उपमुख्यमंत्रिपद मिळाले. त्यास जेमतेम आठवडा उलटला असता, २७ मार्चच्या रात्री मनोहर आजगावकर आणि दीपक पाऊसकर या मगोच्या दोन आमदारांनी विधिमंडळ पक्ष भाजपात विलीन करीत असल्याचे पत्र दिले. तीनपैकी दोन म्हणजे बरोबर दोन तृतीयांश. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार पक्षांतराच्या अपात्रतेतून सुटण्यासाठी एवढी संख्या पुरते. त्याच दिवशी ढवळीकर यांना मंत्रिमंडळातून वगळण्यात आले आणि त्यानंतर आजगावकर उपमुख्यमंत्री झाले. या विलीनीकरणाविरुद्धची याचिका सभापतींनी फेटाळली. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेही तो निर्णय कायम ठेवला. महाराष्ट्रात विलीन होण्याच्या मागणीतून जन्मलेल्या पक्षाचे विधिमंडळातील विलीनीकरण असे मध्यरात्री आणि भलत्याच पक्षात झाले.

योगायोगाने आजची दोन ही संख्या त्या दृष्टीने अधिक सुरक्षित आहे. दोघांपैकी एकाला एकट्याने जाता येत नाही. तीन आमदारांच्या पक्षात दोघे फुटू शकतात. दोघांच्या पक्षात दोघांचेही एकमत लागते.

याच २०१९ मध्ये शिरोडा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. मगो पक्षाचे अध्यक्ष दीपक ढवळीकर स्वतः उभे होते. भाजपाचे सुभाष शिरोडकर यांच्याकडून ते केवळ ७६ मतांनी पराभूत झाले. शिरोडा, मडकई, फोंडा आणि प्रियोळ हे फोंडा तालुक्यातील चार मतदारसंघ. मंदिरांचा आणि मराठी नाट्यपरंपरेचा हा परिसर मगो पक्षाचा जुना बालेकिल्ला आहे. येथे घरात कोकणी बोलली जाते आणि सकाळी वृत्तपत्र मराठी वाचले जाते. गोव्यातील मतदारसंघ लहान, सरासरी तीस हजारांहूनही कमी मतदारांचे. एखाद्या वाड्यावरील नाराजी तेथे निकाल फिरवू शकते.

२०२२ मध्ये ते पुन्हा दिसून आले. डिसेंबर २०२१ मध्ये मगो पक्षाने तृणमूल काँग्रेसशी युती जाहीर केली. पश्चिम बंगालमधील विजयानंतर तृणमूलने गोव्यात मोठ्या गाजावाजासह प्रवेश केला होता. मगोच्या पारंपरिक मतदाराला ही सोयरीक पचनी पडली, असे दिसले नाही. मगोने तेरा जागा लढवल्या. मते सुमारे ७.६ टक्के आणि जागा दोन. मडकईतून सुदिन ढवळीकर आणि मांद्रेतून जीत आरोलकर. तृणमूलला एकही जागा मिळाली नाही. प्रियोळमध्ये दीपक ढवळीकर भाजपाच्या गोविंद गावडे यांच्याकडून २१३ मतांनी, तर फोंड्यात केतन भाटीकर भाजपाच्या रवी नाईक यांच्याकडून ७७ मतांनी हरले. दोन मतदारसंघ मिळून फरक २९० मतांचा. हे रवी नाईक म्हणजे १९९१ मध्ये मगो पक्ष फोडणारेच. तीन दशके आणि अनेक पक्षांतरांनंतर त्यांनी आपल्या जुन्या पक्षाला तेथेच पुन्हा रोखले.

निकाल लागला त्या दिवशीच, १० मार्च २०२२ रोजी, भाजपा वीस जागांवर थांबल्याचे स्पष्ट झाले. बहुमताला एक कमी. मगोने लगेच पाठिंबा दिला, तीन अपक्षांनीही दिला. एप्रिलमध्ये सुदिन ढवळीकर मंत्री झाले. पण पाठिंब्याचे हे मोल फार काळ टिकले नाही. १४ सप्टेंबर २०२२ रोजी काँग्रेसचे आठ आमदार भाजपात दाखल झाले आणि सत्तारूढ पक्षाचे संख्याबळ अठ्ठावीस झाले. त्या दिवसापासून मगोचे दोन आमदार सरकारसाठी अनिवार्य राहिले नाहीत. सभागृहातील गणित संपले की अशा पक्षाची किंमत पुन्हा वाढते ती पुढच्या निवडणुकीच्या आधीच्या काही महिन्यांत, जागावाटपाच्या वेळी. निकालानंतर ती वाढेल की शून्य होईल, हे कोणाला सांगता येत नाही. २०१२ आणि २०२२ च्या निकालांमधील फरक एका जागेचा होता.

जागावाटपातील अडचण येथेच सुरू होते. युतीच्या राजकारणात जिंकलेली जागा विजेत्या पक्षाकडे राहते, हा रूढ संकेत. तो मानला तर मगोच्या वाट्याला मडकई आणि मांद्रे येतात. ज्या प्रियोळ आणि फोंड्यात पक्ष मूठभर मतांनी हरला, जेथे त्याची वाढ होण्याची सर्वाधिक शक्यता आहे, त्या दोन्ही जागा २०२२ मध्ये भाजपाने जिंकल्या आहेत. शिरोड्याचेही तेच. म्हणजे युती करायची तर बालेकिल्ल्यातील तीन चतुर्थांश भाग मित्राला सोडावा लागतो. प्रियोळचे गोविंद गावडे यांना जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळातून वगळण्यात आले आणि फोंड्याचे रवी नाईक यांचे ऑक्टोबर २०२५ मध्ये निधन झाले. या दोन घटनांनी दोन्ही मतदारसंघांतील इच्छुकांच्या आशा जाग्या केल्या. त्या इच्छुकांत भाजपाचे स्थानिक कार्यकर्तेही आहेत, हे विसरता येणार नाही.

मांद्रेची कहाणी वेगळी. तेथे आरोलकर यांनी भाजपाचे दयानंद सोपटे यांचा पराभव केला. माजी मुख्यमंत्री पार्सेकर भाजपातून बाहेर पडून अपक्ष उभे राहिल्याने भाजपाची मते विभागली होती. पार्सेकर यांनी या मतदारसंघाचे पूर्वी सातत्याने प्रतिनिधित्व केले होते. त्यामुळे मांद्रे ही आपली हक्काची जागा असल्याची भावना तेथील भाजपा कार्यकर्त्यांत असणे स्वाभाविक आहे. पक्ष वाढवायचा तर प्रत्येक ठिकाणी स्वतःचे चिन्ह हवे, असा राष्ट्रीय पक्षाच्या स्थानिक शाखेचा कल असतो. दिल्लीतील नेतृत्व मात्र मतविभागणी टाळण्याच्या दृष्टीने पाहते. युतीचे निर्णय कोणत्या पातळीवर होतात, याला म्हणूनच महत्त्व आहे.

भाजपाच्या बाजूने पाहिले तर मगोची उपयुक्तता संपलेली नाही. २०२२ मध्ये भाजपाला वीस जागा मिळाल्या त्या सुमारे एक तृतीयांश मतांवर. विरोधी मते काँग्रेस, आम आदमी पक्ष, तृणमूल, गोवा फॉरवर्ड आणि रिव्होल्युशनरी गोवन्स यांत विखुरली नसती, तर चित्र निराळे दिसले असते. विरोधी पक्ष एकत्र येण्याची शक्यता जितकी अधिक, तितका मगोच्या सात-आठ टक्क्यांना भाव अधिक. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मगोने भाजपाला पाठिंबा दिला. दक्षिण गोव्याची जागा काँग्रेसच्या विरियातो फर्नांडिस यांनी १३,५३५ मतांनी जिंकली, मात्र फोंडा तालुक्यातील मतदारसंघांत भाजपा पुढे राहिला. मित्रपक्षाची मते वळवता येतात, असे सांगण्यासाठी मगो पक्षाला हा दाखला आहे. तीच मते आता मित्राच्या सवयीची झाली असतील, तर १९९४ ची पुनरावृत्ती घडते, ही त्याची दुसरी बाजू.

मगोपुढील आव्हान केवळ भाजपाचे नाही. रिव्होल्युशनरी गोवन्स पक्षाने २०२२ मध्ये पहिल्याच प्रयत्नात नऊ टक्क्यांहून अधिक मते घेतली. टक्केवारीत तो मगोच्या पुढे गेला. जागा मात्र सांत आंद्रेची एकच मिळाली. मूळ गोमंतकीयांना नोकऱ्या आणि जमिनीत प्राधान्य, ही त्याची भूमिका. 'आमच्या मातीतला पक्ष' ही ओळख एकेकाळी मगोच्या मालकीची होती. तिच्यावर आता तरुणांच्या एका नव्या पक्षाने हक्क सांगितला आहे, आणि त्यात मराठीचा वा महाराष्ट्राचा संदर्भ नाही.

मराठीच्या प्रश्नावर पक्षाची कसोटी लागते. फेब्रुवारी १९८७ मध्ये संमत झालेल्या राजभाषा कायद्यानुसार देवनागरी लिपीतील कोकणी ही गोव्याची राजभाषा आहे आणि शासकीय व्यवहारात मराठीच्या वापरास मुभा आहे. मराठीलाही राजभाषेचे स्थान मिळावे, ही मागणी मगो पक्षाच्या कार्यक्रमात दीर्घकाळ आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्यानंतर गोव्यातील मराठीप्रेमींनी ही मागणी नव्या जोमाने मांडली. मगो मात्र अशा सरकारचा घटक, ज्याच्या प्रमुख पक्षाला कोकणीवादी मतदारालाही दुखवायचे नाही. मंत्रिमंडळात राहून ही मागणी किती रेटता येते, हा प्रश्न पक्षाच्या जुन्या मतदारांकडून विचारला जाणे अपरिहार्य आहे. २०१७ मध्ये माध्यमाच्या प्रश्नावर उभी राहिलेली आघाडी निकालानंतर आठवडाभरही टिकली नव्हती, याची त्याला आठवण आहे.

यात एक तांत्रिक बाबही गुंतलेली आहे. निवडणूक आयोगाच्या १९६८ च्या निवडणूक चिन्हविषयक आदेशानुसार राज्यपक्ष म्हणून मान्यता टिकवण्याचे काही निकष आहेत. विधानसभेत किमान सहा टक्के वैध मते आणि दोन जागा, हा त्यातील एक. जागा नसल्या तरी आठ टक्के मते मिळाल्यास मान्यता मिळू शकते. तीन जागा जिंकूनही गोव्यासारख्या राज्यात निकष पूर्ण होतो. २०२२ मध्ये मगो पक्ष ७.६ टक्के मते आणि दोन जागांसह पहिल्या निकषावर उत्तीर्ण झाला. एखाद्या निवडणुकीत कमी पडल्यास लगेच मान्यता जाऊ नये, अशी तरतूद २०१६ मध्ये करण्यात आली आहे, हे खरे. तथापि युतीत तीन-चारच जागा लढवल्या तर राज्यभरातील सहा टक्के मते गोळा करणे कठीण; तेव्हा तीन जागा जिंकणे भाग पडते. स्वतंत्र लढल्यास टक्केवारीची चिंता मिटते, पण मडकईपलीकडची दुसरी जागा हातची जाऊ शकते. सिंह हे चिन्ह पक्षासाठी राखीव राहणे या गणितावर अवलंबून आहे. ज्या पक्षाचे नाव कित्येक वृद्ध मतदार उच्चारत नाहीत, केवळ 'सिंव्ह' म्हणतात, त्याच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नाही.

गोव्यातील राजकारणात उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसापर्यंत काहीही घडू शकते. जानेवारी २०२२ मध्ये पेडण्यात मगोकडून तयारी केलेले प्रवीण आर्लेकर ऐनवेळी भाजपात गेले आणि त्याच मतदारसंघातून भाजपाचे आमदार म्हणून निवडून आले. युती होवो वा न होवो, मडकईबाहेर सिंहाच्या निशाणीवर लढण्यास तयार असलेले सक्षम उमेदवार अर्ज भरेपर्यंत पक्षात टिकवणे, हे मगो नेतृत्वापुढील पहिले काम आहे. प्रियोळ, फोंडा आणि पेडणे येथील कार्यकर्ते त्या नावांची वाट पाहत आहेत.